बत्तीसशे वेढे

मादन हिप्परगा गावच्या समितीचं पत्र मीच वाचलं आणि वाचून मीच मान डोलावली, हे आधीच सांगून टाकतो. सगळं पार पडल्यावर "मला तर पहिल्यापासून पटलं होतं" असं म्हणणारी माणसं मला आवडत नाहीत, आणि त्यांच्यात माझी भर नको. पत्र तीन ओळींचं होतं. बसवजयंतीच्या कार्यक्रमाला आमच्या वचन गायन मंडळीला याही वर्षी बोलावणं होतं, वेळ संध्याकाळी सहाची, आणि सगळ्यात खाली वेगळ्या पेनानं लिहिलं होतं: गिटार आणू नये.

गिटार म्हणजे भुवनेश्वरी. आमच्या मंडळीत दुसरी गिटार नाही, आणि आजूबाजूच्या कुठल्याच वचन मंडळीत मी ती पाहिलेली नाही. भुवनेश्वरी राजेश्वर गावची. घरात मराठी बोलतात, शाळा कन्नड झाली, आणि नोकरी बीदरजवळ कोळारच्या औद्योगिक वसाहतीत. तिथल्या एका लहानशा कारखान्यात ट्रान्सफॉर्मर बनतात. त्यांच्या आत तांब्याच्या तारेची जी गुंडाळी असते, ती गुंडाळायचं काम ती बावीस वर्षं करतेय. वय सत्तेचाळीस. लग्न झालं आणि मोडलं. त्याबद्दल कुणी विचारलंच, तर ती विचारणाऱ्याच्या लग्नाची अशी बारकाईनं चौकशी सुरू करते की तो चहा अर्धा ठेवून उठतो.

कोळारला खोली घेऊन राहायची तेव्हा शेजारच्या चर्चमध्ये रविवारी गाणी व्हायची. तिथल्या म्हाताऱ्या मास्तरांकडून ती गिटार शिकली. "रविवारी दुसरं काय काम नसायचं, म्हणून शिकले," असं ती सांगते. काम नसल्यानं कुणी सलग तीन वर्षं बोटं सोलून घेत नाही, हे मला कळतं, पण मी वाद घालत नाही. तिच्याशी वाद घालून मी एकदाही जिंकलेलो नाही.

मी अनिलकुमार, बसवकल्याण तालुक्यातल्या मराठी शाळेत मास्तर. मंडळीत पेटी वाजवतो. आणि गाते ती निलम्मा. निलम्मा चौऱ्याहत्तर वर्षांची आहे. बसवण्णांचं वचन, म्हणजे त्यांचं पद, कन्नडात गाते आणि मग त्याचा अर्थ मराठीत सांगते, तोही असा की पुढच्या रांगेतल्या जाणत्या माणसांना आपल्याला आजवर अर्थ कळलाच नव्हता असं वाटावं. तिचा आवाज आता लहान झालाय. शब्द मात्र अजून लख्ख आहेत.

कानांचं तसं नाही. निलम्माचा उजवा कान गेला, आणि डाव्याला वरचे, टोकदार आवाज ऐकूच येत नाहीत. माझी पेटी तिला नीट ऐकू येत नाही. हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मला राग आला होता. पेटी असताना बाईला सुरासाठी गिटार लागते म्हणजे काय? पण तसंच होतं. गिटारच्या जाड तारांचा खालचा, भरीव आवाज तिच्या डाव्या कानाला लागला की ती सुरात राहते. तो गेला की दुसऱ्या ओळीलाच घसरते, आणि घसरल्याचं तिला स्वतःला उशिरा कळतं. स्टेजवर गायकापुढं जो स्पीकर ठेवतात, स्वतःचा आवाज ऐकायला, त्याचा काही उपयोग नाही. "त्यातून माझाच आवाज परगावाहून आल्यागत वाटतो," म्हणते.

चौदा वर्षं भुवनेश्वरी निलम्माच्या डाव्या हाताला बसतेय. तिथून तिला उठवायचं असं समितीनं ठरवलं होतं, आणि समितीला कारण मीच मिळवून दिलं होतं असं मला अजूनही वाटतं.

झालं असं. आधीच्या वर्षी, त्याच मादन हिप्परग्यात, गिटारसाठी मोठा ॲम्प्लिफायर आणायची टूम मी काढली. माइक-स्पीकरचं काम करणारा आळंदचा महेशकुमार एक ॲम्प्लिफायर घेऊन आला, माणसाच्या कमरेएवढा, आणि तो भुवनेश्वरीच्या मागं जमिनीवर ठेवला. आता असं धूड कमी आवाजावर ठेवलं की त्याच्यात जीव राहत नाही. सूर वाळल्यासारखा येतो. अंगात यायला त्याला जोर लागतो. त्यात ते जमिनीवर ठेवलेलं, सगळा आवाज तिच्या पायांपाशी. तिला नीट ऐकू येईना, म्हणून तिनं बटण वाढवलं. सूर जाड होईना, म्हणून आणखी वाढवलं. तिला हवा तसा सूर लागला तेव्हा पुढच्या रांगेतल्या माणसांनी कानांवर हात ठेवले होते आणि निलम्माचा आवाज पार बुडाला होता.

निलम्मा वचनाच्या मधेच थांबली. तिनं हात मांडीवर ठेवले. समितीचे प्रमुख नागप्पा स्टेजवर आले आणि माइक घेऊन म्हणाले, "निलम्मा दमल्यात." निलम्मा दमली नव्हती. तिला स्वतःचा आवाज सापडत नव्हता. परतताना जीपमध्ये भुवनेश्वरी गिटार मांडीवर आडवी घेऊन खिडकीबाहेर बघत बसली होती, आणि राजेश्वर आल्यावर एवढंच म्हणाली, "गुडघ्याला काय कान असतेत का?" तिच्या मनात काय चाललंय ते मला तेव्हा कळलं नाही.

मग दुसरा उपाय झाला. राजेश्वरात एका छोट्या कार्यक्रमाला स्टेजवर काहीच ठेवलं नाही. गिटारची वायर सरळ महेशकुमारच्या मिक्सरला. सुरू झाल्यावर मला गिटार जरा पुढं येतेय असं वाटलं आणि मी पेटीवरून खूण करून म्हणालो, "महेश, गिटार बारीक कर." त्यानं केली. सूर असा आला की जणू कुणीतरी डब्यात डास कोंडलाय. निलम्मा दुसऱ्याच ओळीला घसरली. कार्यक्रमानंतर मी महेशवर डाफरलो, "किती बारीक केलास रे?"

"सर, तुमीच तर बारीक कर म्हणलाव की," तो म्हणाला. त्याचंही खरं होतं.

भुवनेश्वरी वायर गुंडाळत होती. गुंडाळायचं तिच्या हातांना वळणच आहे. तिनं मान वर न करता सांगितलं, "हळू येगळं आन बारीक येगळं. तुमी हळू मागतांव आन तोंडानं बारीक म्हणतांव. मग ते बारीकच करतेत. मग तुमीच म्हणतांव, बारीक झालं. कन्नडातबी तसंच. सण्ण माडु म्हणतेत. म्हंजी आवाज सण्ण, सूरबी सण्ण, वाजवणारीबी सण्ण. मला न्हाई व्हायचं सण्ण."

मी मराठीचा मास्तर. चाळीस वर्षं मुलांना शब्दांचे अर्थ शिकवले आणि हा फरक मला गिटार वाजवणाऱ्या बाईकडून कळला. पण पुढच्याच महिन्यात समितीचं पत्र आलं तेव्हा मला सुटल्यासारखंच वाटलं. वाटलं, चला, कटकट मिटली. पेटीवर भागवू. निलम्मा सांभाळून घेईल. मी पत्र घेऊन तिच्याकडं गेलो आणि वाचून दाखवलं.

निलम्मानं विचारलं, "मग मी कशावर गाऊ?"

"पेटी हाय की, अव्वा."

"पेटी तुमच्यासाठी हाय, सर," निलम्मा म्हणाली. "परत एकदा लोकांदेखत घसरायचं न्हाई मला. भुवना न्हाई तर मीबी न्हाई. या वर्षीबी न्हाई आन पुढच्या वर्षीबी न्हाई."

ती चिडून म्हणाली असती तर मी समजूत काढली असती. ती भाजी निवडत म्हणाली. मी घरी आलो आणि स्वतःचीच लाज वाटली, हे लिहायला आता काही हरकत नाही.

भुवनेश्वरीला पत्राचं सांगितलं तेव्हा ती हसली. तिचं हसणं चांगलं नसतं. "नागप्पा अप्पांच्या पोराच्या वरातीत डीजे लागलता तवा घराची कौलं हाललीती. तवा कुणाला शांती पायजे नव्हती. आन माझी गिटार तेवढी मोठी वाजती व्हय?" मी म्हटलं, समितीचं म्हणणंही थोडं समजून घ्यावं, वचनाला शांतता लागतेच. "लागती," ती म्हणाली. "मी कुठं न्हाई म्हणायले? मी हळूच वाजवणार. पर बारीक न्हाई वाजवणार. बसवजयंतीला दीड महिना हाय. बघू."

तिनं शोधायला सुरुवात केली ती लहान वस्तू. सगळे मोठ्या ॲम्प्लिफायरला दाबून कमी आवाजात वाजवायला बघतात. तिचं म्हणणं, दाबायचं कशाला? मुळात लहानच असलं आणि पुरतं वाजवलं, तर आवाजही लहान राहील आणि सूरही भरेल. बीदरला हणमंतराव म्हणून जुने रेडिओ दुरुस्त करणारे आहेत. दुकान कधीच बंद झालं, पण घरात अजून रेडिओंचे सांगाडे रचून ठेवलेत. त्यांच्याकडून तिनं एक व्हॉल्व्हचा रेडिओ आणला. पूर्वी काचेचे व्हॉल्व्ह तापून रेडिओ बोलायचा, तसला. व्हॉल्व्ह चांगले होते. पण व्हॉल्व्हमधून स्पीकरकडं आवाज नेणारा छोटा ट्रान्सफॉर्मर जळून काळा झाला होता. दुसऱ्या कुणी तिथंच नाद सोडला असता. भुवनेश्वरीनं तो हातात घेऊन उलटासुलटा केला आणि म्हणाली, "हे तर माझंच काम हाय."

हणमंतरावांची एक जुनी वही होती. कुठल्या रेडिओला किती वेढे, सगळं देवनागरीत, शाईनं लिहिलेलं. भुवनेश्वरी कन्नड शाळेतली. देवनागरी वाचते, पण अडखळत, आणि हणमंतरावांचं अक्षर म्हणजे मुंग्यांची रांग. म्हणून एका रविवारी दुपारी वाचून दाखवायला मला बोलावलं. कारखान्यानं टाकून दिलेलं हातानं फिरवायचं यंत्र तिच्या घरी होतं. ती प्लास्टिकच्या बॉबिनवर तारेचं टोक बसवत होती, तोंडात दुसरी तार धरली होती. मी वहीत बोट ठेवून वाचलं, "पहिली गुंडाळी, तेवीसशे." तिनं मान हलवली आणि खडूनं फळीवर आकडा लिहिला. मग जेवण झालं. ज्वारीची भाकरी आणि पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी. मला तिथंच खाटेवर डुलकी लागली, आणि अर्धवट झोपेत यंत्राची घरघर आणि तिचं कन्नडातलं मोजणं ऐकू येत होतं. मधे एकदा ती म्हणाली, "सर, तार मावंना झालीय." मी "हं" म्हटलं आणि कूस बदलली.

आठवड्यानं सगळं जोडून झालं. आंब्याच्या लाकडाची चहुबाजूंनी बंद पेटी, तिच्यात आठ इंची स्पीकर, मागं रेडिओचा सांगाडा जाळीत झाकलेला, कारण आतल्या वायरींना हात लागला तर माणूस उडून पडेल. तिनं बटण सुरू केलं, व्हॉल्व्ह तांबडे झाले, आणि तिनं जाड तार छेडली.

आवाज फारच कमी होता. हणमंतरावांनी सांगितलं होतं की हा रेडिओ अख्ख्या अंगणाला पुरायचा. इथं पुढच्या ओसरीतल्या माणसालाही नीट ऐकू आलं नसतं. मला वाटलं, फसलं. तोंड पाडून मी फळीकडं पाहिलं आणि फळीवरचा आकडा मला दिसला. कन्नड आकड्यांत, ठळक: बत्तीसशे.

मी कपाळावर हात मारला. ही चूक मी आयुष्यभर तपासत आलोय. मराठीत आपण तेवीस म्हणतो, आधी तीन, मग वीस. कन्नडात उलट, आधी वीस, मग तीन. कन्नड शाळेतलं, घरी मराठी बोलणारं लेकरू तेवीस ऐकतं, आधी ऐकलेला तीन आधी लिहितं आणि वहीत बत्तीस होतात. सीमेवरच्या आमच्या शाळांत अशी चूक रोज सापडते आणि रोज कुणाचा तरी कान पिळला जातो. सत्तेचाळीस वर्षांच्या बाईचा कान पिळायची माझी हिंमत नव्हती.

आम्ही हणमंतरावांना फोन लावला. ते म्हणाले, "नऊशे वेढे जास्त दिलाव की. मग जोर कमीच निघणार. ताकद निम्म्यावर आली असंल. सोडा आन परत गुंडाळा."

भुवनेश्वरी त्यांचं ऐकता ऐकताच एका हातानं तार छेडत होती. मग तिनं फोन माझ्या हातात दिला आणि बटण पूर्ण फिरवलं, जितकं फिरतं तितकं. पुन्हा तार छेडली. तेव्हा मी ऐकलं. आवाज बोलण्याएवढाच होता, मी तिच्याशी बोललो असतो तर माझं बोलणं तिला ऐकू आलं असतं. पण सूर जाड होता, भरलेला, खालून आलेला, आणि हळूहळू विरत जाणारा. ते मोठं धूड पुढच्या रांगेचे कान फोडल्यावर जे देत होतं, ते ही पेटी ओसरीच्या बाहेर न जाता देत होती. माझ्या छातीला तो सूर कळला. मला बरं वाटलं आणि थोडा मत्सरही वाटला, कारण माझ्या पेटीतून असं काही चाळीस वर्षांत निघालं नव्हतं.

फोनवर हणमंतराव विचारत होते, "सोडलाव का?"

"न्हाई सोडणार म्हणावं," भुवनेश्वरी म्हणाली. "चूक माझी हाय. मी ठेवणार."

पुढचे तीन आठवडे ती निलम्माच्या घरी रोज संध्याकाळी जायची. ती लाकडी पेटी कुठं ठेवायची, यावरच आठ दिवस गेले. शेवटी ती स्टुलावर ठेवली, पुढच्या पायांखाली विटेचा तुकडा सारून मागं कललेली, तोंड निलम्माच्या डाव्या कानाकडं. भुवनेश्वरीनं वरचे टोकदार आवाज कमी केले, मधले जरा वर घेतले, अगदी खालचे गुरगुरणारेही कापले, कारण त्यांनी शब्द झाकले जातात. नखी टाकून दिली आणि अंगठ्यानं वाजवायला लागली. निलम्मा खुर्चीत बसून गायची, गुडघ्यांमुळं तिला खाली बसवत नाही. तीन आठवड्यांत ती एकदाही घसरली नाही. मी समोर बसून ऐकायचो, आणि मनातल्या मनात नागप्पांना काय काय सुनवायचं ते घोळवायचो. प्रत्यक्षात मी त्यांना साधा फोनसुद्धा केला नाही.

बसवजयंतीच्या दिवशी मादन हिप्परग्यात आमची जीप थांबली तेव्हा नागप्पा स्टेजच्या पायऱ्यांशी उभे होते. "शरणु शरणार्थी," त्यांनी हात जोडले आणि लगेच त्यांना ती लाकडी पेटी दिसली.

"अनिल सर, पत्र मिळालं न्हाई का तुमाला?"

"मिळालं, अप्पा."

"मग हे काय?"

मी घसा साफ केला. सगळी घोळवलेली वाक्यं जीपमध्येच राहिली असावीत. भुवनेश्वरी माझ्या पुढं आली. "पत्र सरांना आलतं, अप्पा. मला कुणी पत्र घातलं न्हाई."

"आता तोंडानं सांगतो की. गिटार बेडा, नको म्हंजी नको. गेल्या साली काय झालं ते आख्ख्या गावानं बघितलंय."

"गेल्या साली माझं चुकलं," ती म्हणाली. "मोठं वाजवलं. पुन्हा न्हाई वाजवणार. पर वाजवणार. मी तिथं बसले न्हाई तर निलम्मा अव्वा गाणार न्हाईत. इचारा त्यान्ला."

नागप्पांनी निलम्माकडं पाहिलं. निलम्मा जीपमधून उतरत होती, एक हात माझ्या खांद्यावर. ती म्हणाली, "व्हय," आणि पायऱ्या चढायला लागली. चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला पायरीवर अडवणारा माणूस आमच्या भागात अजून जन्मलेला नाही. नागप्पा बाजूला झाले. पण माणूस हट्टी. ते थेट महेशकुमारकडं गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गिटारला माइक द्यायचा न्हाई. वायर न्हाई, काय न्हाई. लोकांपर्यंत गिटार जायला नको."

महेशनं भुवनेश्वरीकडं पाहिलं. "नको दिऊस," ती म्हणाली. "मागितलाय कोण?"

तिनं स्टूल मांडलं, विटेचा तुकडा घातला, पेटी कलती केली आणि निलम्माच्या डाव्या हाताला, चौदा वर्षं बसते तिथं बसली. समोर पाचेकशे माणसं होती. पुढच्या रांगेतल्या दोघातिघांनी गिटार पाहून एकमेकांना कोपर मारलं. भुवनेश्वरीच्या मानेवर घाम होता, तो मला शेजारून दिसत होता. हात मात्र स्थिर होते.

निलम्मानं डोळे मिटले. भुवनेश्वरीनं अंगठ्यानं खालची तार छेडली आणि निलम्मा गायला लागली.

पहिलं वचन सरळ गेलं. दुसऱ्यात तो वरून खाली यायचा अवघड टप्पा होता, जिथं ती राजेश्वरात घसरली होती. ती आली, एकेक पायरी उतरल्यासारखी, आणि बरोबर सुरावर उभी राहिली. मग मला जाणवलं की मंडपात काहीतरी वेगळं ऐकू येतंय. मैदानाच्या टोकाला लावलेल्या कर्ण्यांतून निलम्माचा आवाज जात होता, आणि त्या आवाजाच्या खाली, त्याला धरून, गिटार जात होती. मोठी नाही. पण जाड, स्पष्ट, शेवटच्या रांगेपर्यंत. पुढच्या रांगेतले ते कोपरवाले आता माना डोलवत होते.

नागप्पांनाही ते ऐकू आलं. ते उठले आणि वाकून, लोकांना दिसू नये अशा बेतानं, स्टेजच्या कडेला महेशकुमारजवळ आले. मी माझी पेटी घेऊन त्याच कडेला बसलो होतो, म्हणून शब्दन् शब्द मला ऐकू आला.

"गिटार बंद कर म्हणलं होतं की तुला."

"बंदच हाय, अप्पा," महेश म्हणाला. "गिटारला माइकच न्हाई. बघा की, ह्यो चॅनल रिकामा हाय."

"मग येतंय कुठनं?"

"निलम्मा अव्वांच्या माइकातनं. त्यांचा आवाज लहान हाय, म्हणून त्यांचा माइक लई उचलून धरलाय. गिटार त्यांच्या कानापाशीच वाजायलीय. तेबी त्यातच येतंय." त्यानं मिक्सरच्या एका बटणावर बोट ठेवलं. "गिटार काढायची तर अव्वांना बंद करावं लागंल. करू का?"

नागप्पांनी स्टेजकडं पाहिलं. निलम्मा डोळे मिटून गात होती. त्यांनी त्या बटणाकडं पाहिलं. मग ते तिथंच, महेशच्या शेजारच्या वायरींच्या खोक्यावर बसले. तिसरं वचन सुरू झालं तेव्हा ते मांडीवर ताल धरत होते. त्यांना मी माफ केलेलं नाही, पण ताल बरोबर होता हे कबूल करतो.

वचन संपलं. निलम्मानं डोळे उघडले, घोटभर पाणी प्याली आणि डावीकडं वळली. माइक तिच्या तोंडासमोरच होता, ती विसरली होती. "भुवना," ती म्हणाली, आणि अख्ख्या मादन हिप्परग्याला ते ऐकू गेलं, "जरा वाढव की गं."

पाचशे माणसं भुवनेश्वरीकडं बघत होती. नागप्पा खोक्यावरून अर्धे उठले. बावीस वर्षं तार गुंडाळणारा तिचा हात गिटारवर तसाच राहिला, पेटीच्या बटणाकडं गेला नाही. ती निलम्माकडं वाकली, आणि तिचंही बोलणं त्याच माइकातून बाहेर गेलं.

"वाढवणार न्हाई, अव्वा. तुमीच जवळ सरका."

निलम्मानं दोन्ही हातांनी खुर्ची धरली आणि ती लाकडी फळ्यांवरून ओढत, खरखरत, गिटारजवळ नेली.